शुक्रवारचे अडीच तास : मावळच्या खासदारांना खुले पत्र

माननीय खासदार महोदय,


आपला मतदारसंघ सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेला. घाटावर पिंपरी-चिंचवडचे कारखाने, घाटाखाली कर्जत-खालापूर, पनवेल, आणि टोकाला उरणचं बंदर. या पसाऱ्यात माथेरान म्हणजे चार-साडेचार हजार वस्तीचं, मोटारी न येणारं एक गाव. मतमोजणीच्या आकड्यांत आम्ही शोधूनही सापडणार नाही. पत्रावर आपलं नाव मुद्दाम घातलेलं नाही. खुर्चीतली माणसं बदलतात आणि मागणी खुर्चीकडे आहे.

ती आधीच सांगून टाकतो. भारताचं सैन्य परक्या भूमीवर लढायला पाठवायचं असेल तर त्याआधी लोकसभेचं मत घेणं सरकारवर बंधनकारक व्हावं, आणि लढाई लांबली तर ती कुठवर आली याचा हिशेब सरकारने ठरावीक मुदतीने सभागृहापुढे मांडावा, असं एक खासगी विधेयक आपण लोकसभेत आणावं.

असा कायदा आपल्याकडे असणारच, असं पुष्कळांना वाटतं. तो नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या केंद्रसूचीत पंधराव्या क्रमांकाला ‘युद्ध आणि शांतता’ असा विषय आहे, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. ५३ व्या कलमात सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलेलं आहे आणि त्या अधिकाराचा वापर कायद्याने विनियमित व्हावा असंही तिथेच म्हटलं आहे. पण परदेशात फौज धाडण्यापूर्वी सभागृहाला विचारलंच पाहिजे, असा कायदा एकाही संसदेने केला नाही. घटनादुरुस्ती न करता तो करता येईल. कुणाला त्याची निकड वाटली नाही, एवढंच.

आम्हाला माथेरानला ती का वाटावी? याचं उत्तर १९३९ मध्ये आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. मध्यवर्ती विधिमंडळाला विचारलं नाही, प्रांतांच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळांनाही विचारलं नाही. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. युद्ध सुरू होऊन सात-आठ आठवडे झाल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, मुंबईच्या विधानसभेत या विषयावर चर्चा झाली. लोकांच्या संमतीशिवाय देशाला युद्धात ओढल्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव खेरांनी मांडला. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. स्वतःचं हित आणि देशाचं हित यांत आपण देशाला वर ठेवत आलो, पण देश आणि अस्पृश्य समाज यांत निवड करायची वेळ आली तर आपण समाजाच्या बाजूने उभे राहू, अशा आशयाचं त्यांचं प्रसिद्ध प्रतिपादन याच चर्चेतलं. ‘देशाला विचारलं नाही’ म्हणणाऱ्यांना ‘देशात आम्हाला कोण विचारतं?’ असा प्रश्न त्याच सभागृहात ऐकावा लागला. ती खरी चर्चा होती, आणि ठरावाने काहीच बदलणार नाही हे ठाऊक असूनही ती झाली.

काही दिवसांतच काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, प्रांतात गव्हर्नरची राजवट आली आणि विधानसभा १९४६ पर्यंत पुन्हा कामाला बसली नाही. इथे जरा थांबावं अशी विनंती आहे. त्या सहा-साडेसहा वर्षांत सिंगापूर पडलं, रंगून पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, मुंबईत रेशनिंग आलं, ‘चले जाव’ची घोषणा झाली, हजारो माणसं तुरुंगात गेली. हे सगळं होत असताना मुंबई प्रांताचं विधिमंडळ बंद होतं. लोकांनी निवडलेली माणसं एकत्र बसून बोलू शकतील अशा जागा उरल्या त्या स्थानिक मंडळांच्या आणि नगरपालिकांच्या. तिथे गटारं, दिवाबत्ती, पाणीपट्टी यांवर बोलता येत होतं, युद्धावर नाही.

त्यातल्या एका नगरपालिकेत, म्हणजे आमच्याच, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे उपाध्यक्ष होते. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानात नाभिक कुटुंबात जन्मलेला हा माणूस शिकून वकील झाला. आदिवासी आणि शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठ्या चालवल्या, आणि गावोगाव शाळा काढल्या. वकील आणि लोकनियुक्त सभासद असलेला माणूस, म्हणजे शब्दाने भांडायचं शिक्षण घेतलेला. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता उभा केला, आणि दस्त्याने विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली.

मनोरेच का, हे घाटावरच्या आपल्या मतदारांना सांगावं लागेल. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं आणि भिवपुरीचं १९२२ चं. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून खाली सोडायचं, पायथ्याशी त्यावर वीज करायची आणि ती तारांनी मुंबईला पोचवायची. मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि गाड्या त्या विजेवर चालत, आणि युद्धकाळात गिरण्या लष्करासाठी कापड विणत होत्या. तारा खालापूर-कर्जतच्या शेतांवरून जात होत्या आणि त्यांच्याखालच्या वाड्यांत रॉकेलची चिमणी होती. युद्धाचा एवढा मोठा धागा आपल्या डोक्यावरून जातो आहे हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. करवती घेऊन माणसं रात्री बाहेर पडायची, मनोरे कोसळायचे, आणि मुंबईतली यंत्रं थांबायची.

२ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील तिथे मारले गेले. भाईंचं वय तीस.

ही गोष्ट आपल्याला माहीत असणारच. दर २ जानेवारीला सिद्धगडावर पुढारी येतात, पुष्पचक्रं वाहतात, भाषणं होतात. भाषणांत शौर्य येतं, बलिदान येतं. विधानसभेला कुलूप होतं ही गोष्ट मात्र मी त्या भाषणांत कधी ऐकलेली नाही. करवत हाती घेण्यापूर्वी त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ज्या प्रांतात युद्धाविरुद्ध बोलण्याची सनदशीर जागाच शिल्लक ठेवलेली नाही, तिथे एक वकील वकिली सोडून जंगलात जातो, याचा अर्थ लावायला फार हुशारी लागत नाही.

ज्यांनी फक्त बोलून पाहिलं त्यांचं काय झालं, तेही आपल्या रायगड जिल्ह्याला ठाऊक आहे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. ऑक्टोबर १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला तो नेमका याच मुद्द्यावर, की युद्धाविरुद्ध बोलण्याचं स्वातंत्र्य हवं. पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबांना निवडलं. १७ ऑक्टोबरला विनोबा पवनारला बोलले, २१ ला अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली. बंदूक नाही, करवत नाही, नुसतं भाषण.

आणि याच जिल्ह्यातला तिसरा माणूस. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकी सगळे पडले. घाडगे एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून ती मशीनगन बंद पाडली, आणखी एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक मेले असं मानलं जातं.

विनोबा, कोतवाल, घाडगे यांतला खरा देशभक्त कोण, यावर आपल्याकडे अजून वाद झडतात. सावरकरांनी सैन्यात भरती व्हायला का सांगितलं, कम्युनिस्टांनी साम्राज्यवादी युद्धाला लोकयुद्ध कसं ठरवलं, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात का गेले, हे ऐंशी वर्षांचे जुने हिशेब आजही चहाच्या टपरीवर निघतात. मला या वादात फारसा रस उरलेला नाही. हिटलरशी लढायला हवं होतं असं म्हणणारा माणूस गुलाम ठरत नाही, आणि परक्याच्या हुकमाने लढणार नाही म्हणणारा हिटलरचा मित्र ठरत नाही. गागोदे, माथेरान आणि पळसगाव या तीन गावांना जोडणारी गोष्ट वेगळीच आहे. तिघांपैकी कुणालाही, किंवा त्यांच्या वतीने कुणालाही, युद्ध करायचं का असं विचारलं गेलं नव्हतं.

सांगणंही नव्हतंच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उडालं. अर्ध्या मुंबईने तो स्फोट कानांनी ऐकला, तरी त्याची सविस्तर बातमी आधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दिली. इथल्या बातमीदारांना ती पाठवायची मुभा मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. युद्ध कुठवर आलं हे आपल्या सरकारकडून कळत नसेल तर लोक शत्रूच्या रेडिओला कान लावतात.

हे सगळं इंग्रजांच्या राज्यातलं, आता आपलं राज्य आहे, असं आपण म्हणाल. म्हणून १९८७ कडे वळतो.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि लगेच आपली फौज जाफन्यात उतरू लागली. संसदेने आधी मतदान करून ती पाठवली नव्हती. शांतता राखायला गेलेली फौज ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांशी लढू लागली. काही दिवसांत आटोपेल म्हणून सुरू झालेलं हे काम बत्तीस महिने चाललं. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांतले एक. जन्माने मुंबईकर, आठव्या महार पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी शत्रूच्या हातातली रायफल हिसकावून त्यालाच मारलं. त्या मोहिमेतलं ते एकमेव परमवीर चक्र. पुढे जून १९८९ मध्ये खुद्द श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, प्रेमदासांनी, जाहीरपणे सांगितलं की फौज परत न्या. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान मद्रासला उतरले तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री त्यांच्या स्वागताला गेले नाहीत. सिंहली नाराज, तमिळ नाराज, आणि घरचे गप्प.

या बत्तीस महिन्यांत संसदेत प्रश्न विचारले गेले, निवेदनं झाली, चर्चाही झाल्या. पण ही मोहीम चालू ठेवायची की नाही यावर हात वर करण्याची वेळ कायद्याने एकाही खासदारावर आली नाही. त्यामुळे ती कुणाची चूक होती हे आज प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेऊन सांगू शकतो.

उलट बाजूचं उदाहरण २००३ चं. अमेरिकेला इराकमध्ये भारताची डिव्हिजनभर, म्हणजे सतराएक हजार फौज हवी होती. दिल्लीत फौज पाठवण्याच्या बाजूने बोलणारी वजनदार माणसं होती. पण एप्रिलमध्ये लोकसभेने युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केलेला होता आणि तो वाजपेयी सरकारच्या समोर होता. १४ जुलै २००३ रोजी सरकारने नकार कळवला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही, हे कारण दिलं. नुसत्या ठरावामुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. निवडणुका जवळ होत्या आणि वाजपेयी सावध गृहस्थ होते. पण सभागृहाचा शब्द आधी उच्चारला गेलेला असला की ‘नाही’ म्हणणं सोपं जातं, एवढं त्यातून नक्की दिसतं. पुढच्या वेळी कुणी मित्रदेश फौज मागेल तेव्हा दिल्लीत वाजपेयी असतील असं गृहीत धरून कायदे करायचे नसतात.

आता आक्षेप. गुप्ततेचा पहिला. लढाई सभागृहात मांडली तर शत्रूला कळेल, असं म्हणतात. हल्ल्याचा नकाशा कुणीच मागत नाही. आपण तिथे कशासाठी आहोत, किती माणसं गेली, किती खर्च झाला आणि परत कधी येणार, एवढं मागतो आहे. चीनचं सैन्य आपल्या भूमीवर असताना ८ नोव्हेंबर १९६२ ला संसद बसली, कित्येक दिवस उघड चर्चा झाली आणि सरकारने सगळं ऐकून घेतलं. घरात शत्रू घुसलेला असताना जे चाललं ते परदेशातल्या मोहिमेला न चालण्याचं कारण मला कुणी पटवून द्यावं.

दुसरा आक्षेप जवानांच्या मनोबलाचा. मद्रासच्या धक्क्यावर उतरलेल्या जवानांना विचारलं असतं तर मनोबल कशाने खचतं ते त्यांनी सांगितलं असतं.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मलाही छळतो. मतदानाने शहाणपण येतंच असं नाही. व्हिएतनामसाठी अमेरिकेच्या सिनेटने ऑगस्ट १९६४ मध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी अध्यक्षांना मोकळीक दिली आणि पुढे वर्षानुवर्षं पस्तावली. इराक युद्धाला ब्रिटिश पार्लमेंटने मार्च २००३ मध्ये मोठ्या बहुमताने संमती दिली होती. म्हणून एकदाच मत घेऊन भागत नाही. व्हिएतनामनंतर अमेरिकेने १९७३ मध्ये कायदा केला, की काँग्रेसच्या संमतीशिवाय साठ दिवसांच्या पुढे लढाई चालवता येणार नाही. निक्सनने तो नाकारला, तरी काँग्रेसने नकार ओलांडून मंजूर केला. त्यानंतरच्या अध्यक्षांनी त्यातून पळवाटा काढल्या हेही खरं. जर्मनीत २००५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे संसदेच्या संमतीशिवाय सशस्त्र फौज बाहेर पाठवता येत नाही. ब्रिटनमध्ये नुसता प्रघात आहे, पण ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियाच्या प्रश्नावर त्या प्रघाताने पंतप्रधान कॅमेरॉन यांना २८५ विरुद्ध २७२ मतांनी हरवलं आणि त्यांनी ते मानलं. त्यांच्याच पक्षाचे काही खासदार विरोधात गेले म्हणून ते झालं.

आपल्याकडे असं होणं अवघड. दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते परिशिष्ट बदला अशी मागणी या पत्रात करत नाही, त्याला घटनादुरुस्ती लागेल. पण कुणाचा मुलगा मरायला पाठवायचा या प्रश्नावर पक्षाने व्हिप काढू नये, असं आपण आपल्या पक्षाच्या बैठकीत तरी म्हणू शकता. त्याला कोणताही कायदा आड येत नाही.

विधेयकात काय असावं, याचं माझं म्हणणं असं. शत्रूने आपल्यावर हल्ला केला तर प्रतिकाराला परवानगीची अट नको. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला नको. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवचं सरकार वाचवायला आग्र्याहून छत्रीधारी जवान एका रात्रीत गेले, तसल्या कामाला आधी नको, मात्र पंधरा दिवसांच्या आत सभागृहात येऊन मान्यता घ्यावी. बाकी प्रत्येक लढाऊ मोहिमेला आधी लोकसभेचं मत हवं. दर तीन महिन्यांनी संरक्षणमंत्र्यांचं निवेदन आणि त्यावर चर्चा. सहा महिन्यांनी संमती आपोआप संपावी. सरकारला पुढे जायचं असेल तर नव्याने मत मागावं, आणि प्रत्येक खासदाराचं मत नावानिशी नोंदलं जावं. यातली शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आवाजी मतदानाने युद्ध चालू राहता कामा नये.

माथेरानात ई-रिक्षा असाव्यात की नसाव्यात आणि रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो. घोडेवाले, हातरिक्षावाले, हॉटेलवाले, शाळेत जाणाऱ्या मुलांचे पालक, सगळे बोलले. वैतागही आला, पण अमुक गोष्ट आमच्या डोक्यावर परस्पर लादली असं आज कुणाला म्हणता येत नाही. ब्लॉकला एवढी चर्चा लागते आणि ब्रिगेडला लागत नाही, हे आम्हाला विचित्र वाटतं.

खासगी विधेयकांचं भवितव्य मला माहीत आहे. स्वातंत्र्यापासून जेमतेम चौदा खासगी विधेयकांचा कायदा झाला, आणि शेवटचा झाला १९७० मध्ये. शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास खासगी कामकाजाला असतात, आणि त्या वेळी बरेच खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात. हे विधेयक मंजूर होईल अशी आशा मी धरलेली नाही. ते मांडलं गेलं, छापलं गेलं, त्यावर दोन-चार जण बोलले आणि मंत्र्यांना उठून उत्तर द्यावं लागलं, तरी लोकसभेच्या इतिवृत्तात सरकारचं म्हणणं नोंदलं जाईल. १९३९ च्या ऑक्टोबरमधल्या त्या निष्फळ ठरावावरची भाषणं आज वाचायला मिळतात, ती अशा नोंदीमुळेच.

विधेयकाची सूचना महिनाभर आधी द्यावी लागते, तेव्हा पुढच्या अधिवेशनासाठी तयारी आत्ताच हवी. मसुद्याला मदत हवी असेल तर कर्जतच्या न्यायालयात वकिली करणारे चार-पाच जण फुकट बसायला तयार आहेत. मागणी मान्य नसेल तर तसं कारणांसह लेखी कळवावं. आपलं उत्तर आम्ही या पत्राशेजारी नगरपरिषदेच्या वाचनालयात लावू. उत्तर आलं नाही तर तेवढी जागा रिकामी ठेवून खाली पत्र पाठवल्याची तारीख लिहू.

कळावे,
आपल्या मतदारसंघातील एक मतदार,
माथेरान, ता. कर्जत, जि. रायगड